शुभेच्छुकांच्या खाली स्कोर

माझ्या नवऱ्याला क्रिकेट येत नाही. हे मी आधीच सांगून टाकते, कारण आमच्या बोनकोडे गावात असा माणूस सापडणं कठीण. इथं पोरगं चालायला लागलं की बॅट धरतं, आणि म्हातारा काठी घेऊन बाहेर पडला तरी आधी त्या काठीने एक कव्हर ड्राइव्ह मारून बघतो. रूपेशला मात्र चेंडू अंगावर आला की डोळे मिटायची सवय. लहानपणी त्याला कुठल्याच टीममध्ये घेईनात. मग एकदा स्कोर लिहिणारा आला नाही म्हणून याला मांडवात बसवला, आणि तो जो बसला तो बसलाच.

रबाळ्याच्या एका कंपनीत तो क्वालिटीला आहे. आठवडाभर लोखंडी पार्ट तपासायचे आणि रविवारी दुसऱ्यांच्या धावा लिहायच्या. लग्न ठरलं तेव्हा माझ्या बहिणी विचारायच्या, "काय गं, तुझा नवरा ओपनिंगला येतो का?" मी म्हणायचे, "येतो ना, सगळ्यांच्या आधी येतो. टेबल-खुर्ची लावायला." हसून हसून लोळायच्या मेल्या.

खेळणारा होता तो याचा मोठा भाऊ, कान्हा. मी त्याला पाहिलेलं नाही. मी या घरात येण्याआधीच तो कावीळ उलटून गेला. पण गावात आजही कुणी उंच फटका मारला की म्हातारी माणसं मान हलवून म्हणतात, "बरा हाय, पन कान्हा नाय." त्याच्याच नावाने दरवर्षी आमच्याकडे टेनिस बॉलची टूर्नामेंट होते, कान्हा स्मृती चषक. आजूबाजूच्या गावांच्या टीम येतात, माइकवर कॉमेंट्री असते, वडापाव संपतात आणि भांडणंही होतात. त्या सगळ्या गदारोळात मांडवाच्या कोपऱ्यात मान खाली घालून जो बसलेला असतो, तो माझा नवरा.

वेबसाइटचं खूळ त्याने स्वतःच डोक्यात घेतलं. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून शिकला आणि एक दिवस मला म्हणाला, "सुचिता, आता प्रत्येक बॉलचा स्कोर जगात कुठंही दिसणार." मी म्हटलं, "अरे, जगाला काय पडलंय बोनकोडे विरुद्ध घणसोलीचं?" पण पडलेलं होतं खरं. आमच्या गावची पोरं बोटीवर कामाला आहेत, मुली सासरी आहेत, कुणी दुबईत आहे. आणि मुख्य म्हणजे शिफ्टला अडकलेले. कंपनीत उभा असलेला माणूस व्हिडिओ बघू शकत नाही, पण सुपरवायझरची पाठ फिरली की एक आकडा नक्की बघू शकतो. रूपेशला हे बरोबर कळत होतं, कारण तो स्वतः त्यातलाच.

या वर्षी या साइटवर आमचं बरंच काही टांगलेलं होतं. रूपेशची कंपनी गुजरातला चालली आहे. होळीनंतर इथलं शटर खाली. साहेबांनी विचारलं, येतोस का? हा नाही म्हणाला. त्याच सुमारास आसपासच्या गावांच्या मंडळांनी मिळून ठरवलं की पुढच्या सगळ्या सीझनचं स्कोरिंग एकाच माणसाकडे द्यायचं, साइटसकट. कमिटीचे अध्यक्ष आमच्याच गावचे चांगदेवशेठ. ते म्हणाले, "कान्हा चषकात साइट नीट चालवून दाखव, काम तुझं." दुसरा एक डोंबिवलीवाला रांगेत उभा होताच. म्हणजे साइट चालली तर रूपेशला त्याच्या आवडीचं काम मिळणार, नाही तर चाळिशीच्या तोंडावर नवीन नोकरी शोधत दारोदार. मला तर जेवण जात नव्हतं.

आता त्या साइटचं पहिलं पान कसं होतं ते ऐका. आमच्याकडे कुणी काही दिलं की त्याचा फोटो लागतो. पाण्याच्या बाटल्या दिल्या, फोटो. पिचवर रोलर फिरवून दिला, फोटो. या वर्षी काहीच दिलं नाही पण मागच्या वर्षी दिलं होतं, मग न लावून वाईटपणा कोण घेणार? फोटो. चौकातला बॅनर निदान संपतो तरी, त्याला लांबी-रुंदी असते. साइटला ती नसते हे गावाला कळलं आणि मग काही विचारू नका. गॉगलवाले, सोन्याच्या चेनवाले, कानाला मोबाइल लावून कुठंतरी लांब बघणारे, सगळे एकाखाली एक, 'शुभेच्छुक' म्हणून. आणि त्या सगळ्यांच्या खाली, अंगठा दुखेपर्यंत सरकवलं की, स्कोर.

सगळ्यात वर मात्र कान्हा. बॅट उंच धरून हसताना. भिंतीवर हार घातलेला त्याचा फोटो आहे आमच्याकडे, पण तो कागदपत्रांसाठी काढलेला, त्यात तो घाबरल्यासारखा दिसतो. हा हसणारा फोटो कुणा मित्राकडे सापडला आणि रूपेशने साइटवर लावला. माझ्या सासूबाई, विमलबाई, यांना मोबाइलमधलं एवढं एकच येतं. मी त्यांना पडद्यावर एक चौकोन करून दिलाय. सकाळी चहा झाला की तो दाबायचा, कान्हा आला की पदराने काच पुसायची, थोडा वेळ बघायचं, बंद करायचं. खाली बोट सरकवलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही.

टूर्नामेंटच्या पहिल्याच शनिवारी साइट झोपली. नुसती झोपली नाही, घोरायला लागली. पांढरं पान आणि त्यावर इंग्रजीत, मर्यादा संपली. मांडवात रूपेशचा चेहरा असा झाला की मला मॅच सोडून त्याच्यासाठी लिंबू सरबत आणावं लागलं.

मी खारघरला एका कॉलेजच्या ऑफिसात आहे. आमच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये कल्पेश नावाचा मुलगा आहे, दिवाळे गावचा कोळी, शांत डोक्याचा, फावल्या वेळात लोकांच्या साइट सांभाळतो. सोमवारी रूपेशला बाइकसकट त्याच्यापुढे नेऊन उभं केलं. कल्पेशने पान उघडलं, सरकवलं, सरकवलं, आणखी सरकवलं, आणि म्हणाला, "दादा, हे फोटो आधी हलवा. प्रत्येक बॉलला पान नवीन होतं, आणि प्रत्येक वेळी ही सगळी मंडळी परत खाली उतरतात."

"फोटोंना हात नाही लावायचा," रूपेश म्हणाला. "दुसरं काय ते बोल."

"दुसरं म्हणजे होस्टिंग. साइट ठेवायला जागा लागते ना, ती. तुम्ही आत्ता शेअर्डवर आहात. एकच सर्व्हर आणि त्यावर शेकडो साइट. कुणाचं लोणच्याचं दुकान, कुणाचा योगा क्लास. तुमच्याकडे गर्दी झाली की बाकीच्यांचं अडतं, म्हणून कंपनी तुम्हाला दाबते. लोणचंवाल्याकडे झाली तर तुम्ही हळू होता."

"अरे, म्हणजे आमची बिल्डिंग!" रूपेशचे डोळे चमकले. आमच्या घरावर दोन मजले भाड्याने दिलेले आहेत आणि टाकी सगळ्यांची एक. वरच्या वहिनींनी वॉशिंग मशीन लावलं की खाली आम्ही तोंडाला साबण लावून उभे.

"तसंच," कल्पेश हसला. "आणि व्हीपीएस म्हणजे बिल्डिंग तीच, पण तुमची टाकी वेगळी. तुमचं पाणी दुसरा कुणी घेऊ शकत नाही. पण मग ती धुवायची तुम्ही, गळायला लागली तर बघायची तुम्ही. अपडेट, बॅकअप, कुणी चोर आत शिरला तर तोही तुमचाच."

"घेऊन टाक."

"दादा, वेगळी टाकी घेतली आणि नळ असाच उघडा ठेवला तर तीही रिकामीच होणार."

मी मध्ये म्हटलं, "अरे, तो काय सांगतोय ते ऐक तरी." तर हा म्हणतो, "तुला नाही कळायचं, हा गावचा विषय आहे." गावचा विषय! मी काय चंद्रावरून आले? माझं माहेरही घणसोलीचंच. परत येताना बाइकवर मी एक अक्षर बोलले नाही, आणि माझा अबोला किती जड असतो ते रूपेशला चांगलं माहीत आहे.

व्हीपीएस घेतलं. कल्पेशने सगळं तिकडे हलवून दिलं, आणि फोटो निदान लहान तरी करू म्हणून दाबून हलकेही केले. गुरुवारी सकाळपासून रूपेशचा फोन वाजायला लागला. "रूपेश, माझा फोटो धूसर का दिसतो?" "अरे, बाजूच्याचा साफ आणि माझाच काय असा?" ज्याने त्याने मूळ फोटो परत पाठवला, वर पुन्हा 'मोठा टाक'. दोघांनी तर स्टुडिओत जाऊन नवीन काढले. या बाबाला नाही म्हणता येत नाही. टाकले सगळे. आणि बाहेर सांगत फिरत होता, "आपली साइट आता स्वतःच्या टाकीवर!" लोकांना काय कळलं देव जाणे, पण दोन-तीन जणांनी अभिनंदन केलं.

पुढच्या शनिवारी सेमीफायनल. सकाळी साइट अशी पळाली की रूपेशने मांडवातून मला अंगठा वर करून दाखवला. दुपारी मॅच शेवटच्या ओव्हरपर्यंत गेली, सगळी गावं एकदम साइटवर आली, आणि पडद्यावर ते गोल गोल फिरायला लागलं. आधी कान्हा अर्धा आला, मग एक गॉगल आला, मग काहीच येईना. कॉमेंट्रीवाला माइकवर म्हणतो, "साइट जरा हळू हाय, प्रेक्षकांनी कृपया मैदानाकडे बघावं!" सगळं मैदान हसलं. रूपेशही हसला, पण त्याचे कान लाल झालेले मला लांबून दिसले.

चांगदेवशेठ मॅच संपल्यावर मांडवात आले. माणूस वाईट नाही. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरा, गावचा म्हणून मी तुला धरून ठेवलंय. पन उद्या फायनलला अडली तर कमिटीपुढे मी काय तोंड दाखवू?"

रूपेशने कल्पेशला फोन लावला. कल्पेश पुन्हा तेच बोलला. स्कोरचं पान कोरं ठेवा, फोटोंचं वेगळं पान करा, बघणारे बघतील. या वेळी रूपेशने ऐकलं. संध्याकाळी तो एकेकाच्या दारात गेला, मीही सोबत गेले. कारण तो एकटा गेला असता तर दोन फोटो आणखी घेऊन आला असता.

पहिले म्हणाले, "वेगळं पान? म्हणजे आमाला मागं बसवतो काय? आधी त्या पलीकडच्याचा काढ, मग माझा काढ." पलीकडचा म्हणाला, आधी त्याचा. तिसऱ्याने चहा पाजला आणि चौथ्याचं नाव सांगितलं. असं करत करत आम्ही चांगदेवशेठच्या ओट्यावर पोचलो. त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "माझा काढ, माझं काय नाय. पन लोक काय बोलतील ते सांगू? स्वतःच्या भावाचा वर ठेवला आणि आमचे काढले."

"मग त्याचाही..." मी म्हटलं आणि तिथंच थांबले. रूपेशने माझ्याकडे पाहिलं. सकाळचा तो चहा, ती पुसलेली काच, आम्हा दोघांच्याही डोळ्यांसमोर तेच होतं. चांगदेवशेठही खाली बघायला लागले. कान्हाचा फोटो काढा असं म्हणायला गावात कुणाचीही जीभ रेटली नसती. आम्ही उठलो आणि घरी आलो.

रविवारी सकाळी सासूबाई मोरीत बसून बोंबील साफ करत होत्या. चहा झाला होता, मोबाइल पुसून बाजूला ठेवलेला होता. रूपेश उंबऱ्यात बसून नुसता नखं कुरतडत होता.

"काय झायलं?" त्या म्हणाल्या. "कालपासून दोघा तोंडा पाडून बसल्यात."

मग मीच सांगितलं. कंपनी चालली आहे ते, कमिटीचं काम, फोटो, सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात ते. शेवटचं सांगताना माझा आवाज इतका बारीक झाला की त्यांना परत विचारावं लागलं.

त्यांनी हातातला बोंबील पुरा केला. मग विचारलं, "त्याचा फोटो काडला तं स्कोर दिसंल?"

"हो. त्याचा काढला की बाकीचेही काढू देतील."

"मंग काड."

"आय, तू रोज बघतेस," रूपेश म्हणाला.

"मी बघतंय. कान्हा असता तं त्यानी पयला स्कोर बघला असता. समद्यांची तोंडा बघून बोल्ला असता, बाजूला व्हा रे." त्यांनी पुढचा बोंबील उचलला. "माझा पोऱ्या कुनाच्या आड येत नवता. काड."

मी रडले. सरळ रडले, कांदा वगैरे काही चिरत नव्हते. रूपेश तोंडावर पाणी मारून जो बाहेर पडला तो थेट चांगदेवशेठकडे. पुढे आम्हाला काही करावंच लागलं नाही. शेठनी स्वतः एकेकाला फोन लावला आणि प्रत्येकाला एवढंच बोलले, "विमलबाईनी पोराचा काढायला सांगितलाय. तुझा काय विचार?" दुपारच्या आत सगळे फोटो मागच्या पानावर गेले, कान्हाही त्यांच्यातच, आणि पुढच्या पानावर फक्त टीमची नावं आणि स्कोर उरला.

फायनलला मी मैदानावर गेले नाही. सासूबाई कान्हा गेल्यापासून तिकडे फिरकलेल्या नाहीत, आणि त्या दिवशी त्यांना घरात एकटं सोडायला माझा जीव होईना. मॅच सुरू झाल्यावर त्यांनी आपला मोबाइल घेतला आणि तो चौकोन दाबला. सवयीने दाबला असणार. पान टचकन उघडलं. वर कुणीच नव्हतं. नुसते आकडे.

त्या बघत राहिल्या. आकडे त्यांना येतात, आयुष्यभर भाजी विकली आहे. एक चारचा आठ झाला तशा त्या दचकल्या.

"ह्यो आपोआप हालतो?"

"आपोआप कुठला, आई. तिकडे रूपेश बसलाय. बॉल पडला की तो बदलतो."

"रूपेश?"

"मग कोण? सगळा तोच लिहितो. गेली कित्येक वर्षं."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या मुलाबद्दल नाही, शेजारच्या कुणाबद्दल तरी काहीतरी नवीनच सांगितलंय. मग पुन्हा पडद्याकडे वळल्या. आकडा हालला. "आता लावला त्यानी हात," त्या म्हणाल्या. परत हालला. "परत लावला." पुढं पुढं तर मोबाइल डोळ्यांजवळ धरून, आकडा हालला की नुसतं म्हणायच्या, "रूपेश." थोड्या वेळाने, "रूपेश." गावातले, बोटीवरचे, सासरी गेलेल्या मुली, सगळे त्या वेळी तेच पान बघत होते आणि ते एकदाही अडकलं नाही. मी देवाला हात जोडले आणि कल्पेशला मनातल्या मनात शंभर आशीर्वाद दिले.

तो नंतर फोनवर म्हणाला, "वहिनी, एवढं हलकं पान तर जुन्या शेअर्डवरही चाललं असतं." ऐकून मी रूपेशच्या नावाने कपाळाला हात लावला. पण पुढं कल्पेशनेच सांगितलं की व्हीपीएस आता सोडू नका, सीझनमध्ये चार-पाच गावांच्या मॅच एकाच वेळी होतील, तेव्हा वेगळी टाकी लागेलच. कारण चांगदेवशेठनी बक्षीस समारंभात माइकवरून जाहीर करून टाकलं होतं, पूर्ण सीझनचं काम रूपेशचं. टाळ्या आमच्या घरापर्यंत ऐकू आल्या.

रूपेश संध्याकाळी घरी आला तेव्हा उन्हाने काळा पडला होता आणि तोंड मात्र या कानापासून त्या कानापर्यंत. मला सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाईंनी त्याला हाक मारली.

"रूपेश, दुसऱ्या पारीला एकदा आकडा लई वेल हालला नाय. काय झाल्तं रं?"

तो उभाच राहिला. हातातली पिशवी तशीच. इतक्या वर्षांत घरातल्या कुणी, मीसुद्धा, मैदानात काय झालं हे त्याला कधी विचारलं नव्हतं. आम्ही फक्त विचारायचो, जेवलास का?

"बॉल गटारात गेलेला, आय," तो म्हणाला. "नवीन बॉल आणायला वेळ लागला."

"आनि त्याच्या आधी?"

तो त्यांच्या पुढ्यात जमिनीवर बसला आणि पहिल्या ओव्हरपासून सांगायला लागला.